माणगंगेकाठची पेढी

सातारा जिल्हा म्हटला की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर उभे राहते. धुके, स्ट्रॉबेरी आणि छत्रीला न जुमानणारा पाऊस! पण त्याच जिल्ह्याला एक पूर्वेची बाजूही आहे, आणि तिकडे सहसा कोणी सहलीला जात नाही. महाबळेश्वरी दरसाल दोनशे इंचांवर पाऊस कोसळतो. तिथून निघून पूर्वेच्या टोकाला गेले की वीस इंच पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. सह्याद्रीचा माथा ढगांना पुरते पिळून घेतो आणि उरलेली कोरडी चिंधी तेवढी पलीकडे टाकतो. त्या चिंधीखालचा मुलूख म्हणजे माणदेश.

मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधून 1949 साली आणि 'बनगरवाडी'तून 1955 साली तो घरोघर पोचला. मात्र पुस्तकातून ओळख झालेल्या गावी प्रत्यक्ष जाण्याची तसदी आपण फारशी घेत नाही. आम्ही ती गेल्या वर्षी भाद्रपदात घेतली. निमित्त होते एका बँकेचे. मी स्वतः तीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढलेला माणूस. निवृत्तीनंतरही बँक पाहायला निघालो हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. पण वाटेत गोंदवले लागते म्हटल्यावर त्याही तयार झाल्या.

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले की कोरेगावपर्यंत ऊस सोबत करतो. पुढे वर्धनगडचा घाट चढून पुसेगावकडे उतरले की हिरवा रंग हळूहळू विटत जातो. दहिवडी मागे टाकेपर्यंत उजाड टेकड्या, बाभळी, बोरी आणि दूरवर हलणारे मेंढरांचे पांढरे-काळे ठिपके एवढेच उरते. आम्ही गेलो तेव्हा उत्तरा नक्षत्र सरत आले होते. बाजरी गुडघ्यात अडकून पडली होती. इकडचा खरा पाऊस परतीचा. तो हस्तात पडला तर शाळू पेरायचा, नाही पडला तर गुरांच्या तोंडाकडे पाहत बसायचे. एस. टी.तले शेजारी आभाळाकडे पाहण्यासाठी खिडकीतून मान बाहेर काढत होते. शहरात आपण घड्याळ पाहतो, तसे ते आभाळ पाहतात.

गोंदवल्याला महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही म्हसवडला उतरलो. गाव माणगंगेच्या काठी. नदीचे पात्र मोठे, पण त्यात पाण्यापेक्षा वेड्या बाभळीच अधिक. सिद्धनाथाचे जुने देऊळ हे गावाचे नाक. मार्गशीर्षात इथे रथाची मोठी यात्रा भरते. खिलार बैलांसाठी या बाजूचे नाव पूर्वीपासून आहे. घोंगडी, मेंढरे, शाळूची भाकरी आणि ऊन ही बाकीची संपत्ती.

आम्ही पोचलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या दुतर्फा पोत्यांवर वांगी, गवार, मिरच्या आणि सुकट मांडलेले. एका भाजीवाल्या बाईंकडून सौभाग्यवतींनी गवार घेतली आणि बायकांच्या सहज रीतीने विचारले, "मावशी, माल कुठून भरता?"

"मोंढ्यावरनं, पहाटं. पैकं हातात असलं तर."

"आणि नसले तर?"

त्या हसल्या. "मंग घ्यायचं कुनाकडनं तरी. हजार म्हनायचं न् नऊशे मोजून घ्यायचं. सांजच्याला हजार परत. आता न्हाय घेत म्या. पयलं घेत हुते, धा-बारा वर्सं."

मी मनात हिशेब मांडला. दर बाजाराला शंभर, वर्षाचे बावन्न बाजार, म्हणजे 5200 रुपये. हे सारे कशासाठी? आठवड्यातून एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊशे रुपये वापरायला मिळावेत म्हणून! भांडवलाच्या पावणेसहा पट रक्कम ती बाई दरसाल व्याजात भरत होती, आणि तरीही ती नऊशे रुपये कधी तिचे होत नव्हते. तिला बुद्धी नव्हती असे नव्हे. तोंडी हिशेब ती माझ्यापेक्षा जलद करीत होती. नव्हते ते एकदाच, एकरकमी, पदरचे भांडवल. ते मिळाल्यावर तिने काय केले हे विचारायचे राहिलेच नाही. पुढ्यातले वजनकाटे आणि मागे पडलेली कांद्याची चार पोती उत्तर देत होती.

सावकाराचे आणि या दख्खनी पठाराचे नाते जुने आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणबी उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे काढून त्यांची होळी केली. मारहाणीपेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता. आपले वैरी कोण ते त्यांनी नेमके ओळखले होते. 1879 साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने 1951-52 साली देशभर पाहणी केली तेव्हा काय आढळले? खेड्यातला माणूस जे शंभर रुपये कर्ज काढी, त्यातले सुमारे सत्तर सावकाराचे असत आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन. कायदे झाले, सोसायट्या निघाल्या, पुढे 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरणही झाले. पण सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच बँकेची पायरी चढता येई. बाईच्या नावावर सातबारा नाही. मग तिची पत कशाची?

या प्रश्नाचे एक उत्तर म्हसवडला मिळाले. चेतना गाला सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाशांच्या चळवळीतून समाजकार्यात आल्या, लग्न करून या दुष्काळी गावात राहिल्या. एक दिवस रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोजचे थोडे पैसे बँकेत साठवायचे होते. कर्ज नको, मदत नको, फक्त खाते हवे. बँकेने नाही म्हटले. एवढ्या लहान रकमेचे खाते परवडत नाही म्हणून. तेव्हा आपलीच बँक काढावी असे ठरले.

अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि नामंजूर होऊन आला. कारण असे की प्रवर्तक बायकांच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. चेतनाबाई खचल्या, पण बायका म्हणाल्या, रडायचे कशाला, आपण शिकू. दिवसभर मजुरी आणि रात्री धुळाक्षरे असे काही महिने चालले. मग त्या बायकाच मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या : आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नव्हे. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येते. कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या माणसांनाही काढायला सांगा, मात्र यंत्राशिवाय! ही हकीकत चेतनाबाईंनी अनेक सभांतून सांगितली आहे. परवाना मिळाला आणि 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांच्या पुढाकाराने शहरी कष्टकरी स्त्रियांची 'सेवा' बँक 1974 सालीच निघाली होती. खेड्यातल्या बायकांनी खेड्यातल्या बायकांसाठी काढलेली अशी बँक मात्र म्हसवडची पहिली म्हणून सांगतात. पुढे 2018 साली दाव्होसच्या जागतिक परिषदेच्या सहअध्यक्षांत चेतनाबाई होत्या. म्हसवडची एस. टी. तिथपर्यंत पोचली म्हणायची!

मला मात्र दाव्होसपेक्षा खातेवही पाहण्यात अधिक रस होता. दुसऱ्या दिवशी पिग्मी गोळा करणाऱ्या एका बाईंबरोबर आम्ही वस्तीवर निघालो. बँक लोकांकडे जाते, लोक बँकेकडे येत नाहीत. कारण साधे आहे : बँकेत यायचे तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, आणि पन्नास रुपये भरण्यासाठी दोनशे बुडवणारी बाई शोधून सापडायची नाही. लहान कर्जाचे व्याज तुमच्या-आमच्या घरबांधणीच्या कर्जाहून चढे असते, त्याचेही मर्म इथे उलगडते. दहा लाखांचे एक कर्ज एका कागदात बसते; तेच दहा लाख शंभर बायकांना द्यायचे तर शंभर दारांच्या फेऱ्या पडतात. चपलांचा खर्च कुणीतरी सोसायला हवाच.

सौभाग्यवतींना त्या फेरीत एक गोष्ट कळली, जी मला तीस वर्षांत कळली नव्हती. एका घरी बाईंनी पैसे भरले, पण पासबुक दाखवा म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. पुढे आतल्या खोलीत, माझ्यामाघारी, त्यांनी सांगितले की ते घरात ठेवीतच नाहीत. घरात पासबुक म्हणजे मालकाला आकडा कळला, आणि आकडा कळला की तो संध्याकाळी कुठे जातो हे सांगायला नको. आम्ही काउंटरमागची माणसे खातेदाराच्या हाती पासबुक दिले की कर्तव्य संपले असे मानतो. त्या बाईला सुरक्षित पैसा म्हणजे न दिसणारा पैसा वाटत होता.

त्याच फेरीत शेवटच्या वस्तीवर जो प्रसंग घडला त्यासाठी हा सारा लेख लिहितो आहे.

दोन खणांचे घर, पुढे कडब्याची छपरी, दावणीला तीन शेळ्या. घरातली बाई पस्तिशीची असेल. नवरा ऊसतोडीला जातो. थोरली मुलगी नववीत. पहिली शेळी तिने बँकेचे कर्ज काढून घेतली होती आणि ते फेडलेही होते. आता तिला म्हैस हवी होती. मुलीची दहावी झाली की तिला साताऱ्याला कॉलेजात ठेवायचे. शेळीवर तेवढे भागणार नाही, दुधाचा रोजचा पैसा हवा, असा तिचा रोखठोक हिशेब. तो न जमला तर पोरगीही आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार, हेही तिने तितक्याच सरळ सांगितले.

मला वाटले, झाले! फेड चोख, कारण चांगले. कर्ज मंजूर करायला अजून काय हवे? पण पिग्मीवाल्या बाईंनी कागद काढलाच नाही. त्या छपरीत गेल्या, कडब्याच्या पेंढ्या नजरेने मोजल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्यो कडबा शेळ्यास्नी फुरं हाय. म्हशीला कुटनं आनशील?"

"इकत घीन की, ताई."

"पाऊस न्हाय पडला तर कडब्याचा दर काय हुईल, म्हाईत हाय न्हवं? दूध इकशील न् कडबा घेशील. मंग हप्ता कशातनं?"

बाई काही बोलली नाही. शेळीच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, "पोरीचं वरीस थांबत न्हाय, ताई."

"थांबत न्हाय, खरं हाय. पर म्हस मेली तर पोरगीच फडात जाईल. हस्त बघू आपन. मंग या बँकेत."

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "बाई, तुम्ही तर आलेले गिऱ्हाईक परत पाठवलेत." त्या म्हणाल्या, "दादा, शेळी पाच महिन्यांनं विती. पिल्लू इकाय याया आजून सात-आठ महिनं. तवर बाई मजुरीतनं थोडं थोडं भरती, जमतंय. म्हशीचं तोंड मोठं. कर्ज द्याला काय हुतंय? पैसा कागदावर सई केली की मिळतो. चारा सई करून मिळत न्हाय."

तीस वर्षांच्या नोकरीत कर्जासंबंधी मी ऐकलेले हे सर्वांत शहाणे वाक्य. भाजीवालीचा पैसा संध्याकाळी परत येतो, शेळीचा वर्षाने, शाळूचा हंगामाने. कर्जाची रक्कम नुसती लहान असून भागत नाही. त्याच्या हप्त्याची चाल त्या कामाच्या चालीशी जुळावी लागते. नाही जुळली तर मदत म्हणून आलेले कर्ज दुसरा सावकार होऊन बसते.

असे झालेलेही आहे. बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावी 1976 साली महंमद युनूस या प्राध्यापकाने बेचाळीस माणसांना मिळून सत्तावीस डॉलर दिले आणि त्यातून ग्रामीण बँकेचा जन्म झाला. 2006 साली दोघांना शांततेचे नोबेल मिळाले तेव्हा जगाला वाटले, दारिद्र्यावर रामबाण सापडला. नफ्याच्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. एकेका बाईला चार-चार ठिकाणांहून कर्जे मिळू लागली. एकाचे घ्यायचे नि दुसऱ्याचे फेडायचे. 2010 साली आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याचा बोभाटा झाला आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. 2015 साली अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या हैदराबादसह सहा देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र छापले. सार असे की लहान कर्जाने धंदा करणाऱ्यांना थोडा हात मिळतो, मोकळीक मिळते. पण सरसकट गरिबी हटते असे दिसत नाही.

म्हसवडच्या बायकांना हे कोणत्याही निष्कर्षाआधी ठाऊक होते. 2012 च्या दुष्काळात एक बाई बँकेत आली आणि तिने अंगावरचे सोने पुढे ठेवले. कशासाठी? गुरांच्या चाऱ्यासाठी. आणि तिने उलट विचारले की तुम्ही आम्हाला कर्ज देता, पण उद्या गावात पाणीच उरले नाही तर काय कराल? त्या प्रश्नाला खातेवहीत उत्तर नव्हते. मग म्हसवडला गुरांची छावणी उभी राहिली. हजारो जनावरे आणि त्यांची माणसे तिथे आली. चारा आणि पाणी दुरून आणले गेले. दीड वर्ष गावच्या गाव माळावर संसार मांडून होते. बँकेच्या भोवतीने इतरही गोष्टी उभ्या राहिल्या : 2006 साली बायकांसाठी धंदाशिक्षणाची शाळा, 2008 साली गावचा रेडिओ, शेळ्यांचे औषधपाणी आणि पैदास पाहणाऱ्या, लोक ज्यांना कौतुकाने 'शेळी डॉक्टर' म्हणतात अशा बायका. कर्ज हा गाडीचा एक बैल. दुसऱ्या बाजूला पाणी, चारा, बाजार आणि शिक्षण जुंपले नाही तर गाडी जागच्या जागी गरगरते.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. 'गरिबाला कर्ज दिले की बुडाले' असे म्हणणाऱ्यांनी एकदा म्हसवडच्या बाजारात जाऊन तोंडी व्याज काढून घ्यावे. आणि 'शेळी दिली की गरिबी गेली' असे म्हणणाऱ्यांनी उत्तरा सरता सरता कडब्याच्या पेंढ्या मोजायला जावे. प्रवासाची सोय उत्तम आहे. सातारा-पंढरपूर गाडी मिळते. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी गावात कुठेही मिळेल, आणि ठेचा मागितलात तर पाण्याचा तांब्या जवळ ठेवा.

त्या वर्षी हस्त पडला. फार नाही, पण दोन रात्री चांगला पडला. शाळू पेरला गेला. पिग्मीवाल्या बाईंशी सौभाग्यवतींचे अजून फोनवर बोलणे होते. दोघींचे बोलणे भाकरीच्या पिठापासून सुरू होते आणि व्याजाच्या दरावर संपते. शाळूची काढणी होऊन कडबा छपरीत आल्यावर, फाल्गुनात, त्या बाईने बँकेत जाऊन म्हशीचा कागद केला. म्हैस दोन वेळ दूध देते. दुसऱ्या वेळचे सारे दूध ती घालते, आणि त्या पैशांपैकी रोजचे तीस रुपये वेगळ्या खात्यात पडतात. त्या खात्याचे पासबुक घरात नाही. ते मुलीच्या दप्तरात असते. यंदा ती दहावीत आहे.